पाण्यात म्हैस आणि वर मोल

अमेरिकेत दहाबारा वर्षं झाली, घराचे हप्ते अंगवळणी पडले आणि मिनिव्हॅनच्या मागच्या सीटच्या फटीत चिवडा कायमचा जाऊन बसला, की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या (आणि जणींच्याही!) मनात एक दोन दारांची, टप उघडणारी गाडी डोकावू लागते. पुण्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८०० वर गिअर टाकायला शिकलेल्या हाताला ऑटोमॅटिकचा कंटाळा आलेला असतो. नवी पोर्श काही परवडत नाही. पण वीस-पंचवीस वर्षं जुनी बॉक्स्टर? ती नव्या कोऱ्या कॅमरीच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळून जाते. शिवाय हौसेला मोल नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोच आहोत.

मग प्रश्न येतो तो असा: गाडी चालवून बघितली, झकास पळते, कारफॅक्सही स्वच्छ आहे, तर आणखी दोनशे ते पाचशे डॉलर घालून मेकॅनिककडून तपासून घ्यायची कशाला? इथे या तपासणीला 'प्री-परचेस इन्स्पेक्शन' म्हणतात. मंडळाच्या पिकनिकला, पॉटलकला हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतोच, म्हणून या खेपेला लिहूनच काढतो.

आधी कारफॅक्सबद्दल. तो रिपोर्ट म्हणजे पत्रिकेसारखा. ज्याची नोंद झाली तेवढंच त्यात येतं. विमा कंपनीला न कळवता कोपऱ्यावरच्या बॉडी शॉपमध्ये रोख पैसे देऊन दुरुस्त केलेली धडक त्यात दिसेलच असं नाही. तेव्हा 'रिपोर्ट स्वच्छ' याचा अर्थ 'अपघात झाला नाही' असा नसून 'अपघात नोंदला गेला नाही' एवढाच. २०१२ च्या सँडी वादळात न्यू जर्सी-न्यू यॉर्ककडच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशा बुडालेल्या गाड्या दुसऱ्या राज्यात नेऊन, कागदावरचा डाग पुसून विकण्याचा धंदा इथे जुना आहे. आपली म्हण म्हणते पाण्यात म्हैस आणि वर मोल. इथे तर म्हैस पाण्यातून बाहेर काढून, पुसून, मेणाचं पॉलिश मारून उभी केलेली असते!

टेस्ट ड्राइव्हचंही तसंच. वीस मिनिटांत गाडी डावी-उजवीकडे ओढते का, ब्रेक लावला की थरथरते का, क्लच घसरतो का, हे कळतं. पण स्पोर्ट्स कारचे महागडे रोग इंजिनाच्या पोटात असतात आणि ते गाडी मस्त पळत असताना गप्प बसतात. बॉक्स्टरचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्या लोकांची नजर सगळ्यात जास्त तिच्यावर जाते.

बॉक्स्टर अमेरिकेत १९९७ मॉडेलपासून मिळू लागली. तिच्या इंजिनात एक मधला दांडा असतो, इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँकशाफ्टची गती चेनच्या मदतीने कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. त्याच्या एका टोकाला एक बेअरिंग आहे, मंडळी ज्याला नुसतं 'आयएमएस' म्हणतात ते. हे बेअरिंग सीलबंद, आत ग्रीस भरलेलं. सील म्हातारं झालं की आजूबाजूचं गरम ऑइल आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि मग ना धड ग्रीस ना धड पुरेसं ऑइल अशा अवस्थेत ते फिरत राहतं. बेअरिंग मोडलं की चेनचा ताळमेळ सुटतो, पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन संपतं. दुसरं इंजिन बसवायचा खर्च गाडीच्या किमतीइतका, कधी कधी त्याहून जास्त.

यात मॉडेलच्या वर्षाला फार महत्त्व आहे. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये गोळ्यांच्या दोन ओळींचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकाऊ निघालं. २००० च्या सुमारास ते बदलून एका ओळीचं आलं आणि खरी बदनामी त्याची झाली. २००६ ते २००८ च्या गाड्यांत मोठं बेअरिंग आहे. ते क्वचित बिघडतं, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय काढता येत नाही. २००९ पासून नव्या रचनेच्या इंजिनात हा दांडाच राहिला नाही. २००१ ते २००५ मॉडेलच्या काही गाड्यांच्या मालकांनी अमेरिकेत एकत्र दावा लावला होता, त्यात २०१३ साली तडजोड झाली. पण त्या तडजोडीला गाडीच्या वयाची मर्यादा होती, त्यामुळे आज त्या गाड्या घेणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

आता गंमत अशी, की तपासणीतसुद्धा हे बेअरिंग डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि विकणारा तेवढं करू देणार नाही. मग मेकॅनिक काय करतो? ऑइल फिल्टर काढून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून बघतो. त्यात चमचमणारी धातूची पूड असेल आणि ती लोहचुंबकाला चिकटत असेल, तर आत कुठेतरी पोलाद झिजतंय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी ऑइल गळतंय का ते बघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुनी बिलं मागतो. आधीच्या मालकाने क्लच बदलताना हे बेअरिंगही बदलून घेतलं असेल (बहुतेक जाणते लोक दोन्ही कामं एकदमच करतात), तर त्याचं बिल हवं. 'हो हो, बदललंय' या तोंडी आश्वासनाची किंमत शून्य. फिल्टर स्वच्छ निघाला म्हणजे बेअरिंग उद्या मोडणार नाही असं नाही. झिजायला लागलेलं असलं तर कळण्याची शक्यता वाढते, इतकंच.

दुसरी एक गोष्ट तपासणीत कळते आणि तुम्हाआम्हाला कधीच कळली नसती. समजा कोणी पाचव्या गिअरमध्ये सुसाट चाललाय, त्याला चौथा टाकायचाय आणि घाईत दुसरा पडला. इंजिनाला जास्त फिरू न देणारा रेव्ह लिमिटर असतो, पण तो फक्त इंधन किंवा ठिणगी तोडू शकतो. इथे तर चाकंच इंजिनाला फिरवत असतात! इंजिन मर्यादेच्या पार जातं, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत आणि आत मार बसतो. गाडी त्यानंतर कदाचित वर्षभर सुरळीत चालेलही. पण बऱ्याच पोर्शांचा कॉम्प्युटर ही चूक लिहून ठेवतो. किती वेळा झालं आणि इंजिनाच्या कितव्या तासाला झालं, तेसुद्धा. योग्य सॉफ्टवेअर जोडलं की सगळा इतिहास समोर. माणसापेक्षा लॉग फाइलवर विश्वास ठेवण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्याला ही सोय फार आवडते.

आता हिशेब. खालचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. गाडी १४,००० डॉलरची, तपासणी ३५० ची. समजा अशा शंभरातल्या दहा गाड्यांत ८,००० डॉलरचा छुपा खर्च दडलेला आहे आणि तपासणीत त्यातले निम्मे पकडले जातात. म्हणजे शंभरात पाच वेळा तुमचे ८,००० वाचले, सरासरी दर गाडीमागे ४००. तीनशेपन्नास घालून चारशे वाचवले, जेमतेम फायद्याचा सौदा. शंभरात वीस गाड्या खराब धरल्या तर सरासरी ८०० होते आणि मग विचारायलाच नको. पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका. तुम्ही शंभर गाड्या घेणार नाही, एकच घेणार. तो आठ हजारांचा फटका मुलांच्या कॉलेजच्या पैशातून जाणार असेल, तर घराचा विमा ज्या कारणाने काढता त्याच कारणाने तपासणी करा.

या गणिताला एक अट आहे. रिपोर्ट वाईट आला तर गाडी सोडायची तुमची तयारी हवी. मनाने गाडी कधीच घरी नेऊन ठेवलेली असेल, तर ते ३५० डॉलर वाया गेले. आमच्या एका मित्राने तपासणी करून घेतली, दोन पानांचा रिपोर्ट आला, त्याने तो वाचला, घडी घालून ठेवला आणि संध्याकाळी गाडी घेऊन आला! म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा, की अमुक निघालं तर घ्यायची नाही आणि तमुक निघालं तर इतके पैसे कमी करायचे. शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसासमोर लिहा.

सगळ्याच गाड्यांना हे लागू नाही. माझदाची पहिल्या पिढीची मियाटा (१९९० ते १९९७ मॉडेल) घ्या. साधं इंजिन, टायमिंग बेल्ट तुटला तरी गाडी फक्त बंद पडते, आत मोडतोड होत नाही, सुटे भाग सहज मिळतात. तिच्यात वाईटात वाईट खर्चच कमी, त्यामुळे वरच्या गणितात तीनशे डॉलरची तपासणी बसत नाही. गाड्यांतलं कळणारा एखादा मित्र आणि एक टॉर्च पुरे. मात्र शिकागो-मिशिगनकडची, रस्त्यावरचं मीठ खाल्लेली गाडी असेल, तर मागच्या चाकांच्या पुढे, दाराखालचा पत्रा वाकून बघाच. गंज तिथेच लागतो आणि तो रंगाखाली लपवता येतो.

काही गोष्टी मेकॅनिककडे जायच्या आधी घरच्या घरी होतात. १९९६ पासूनच्या इथल्या प्रत्येक गाडीत ओबीडी-टूचं सॉकेट आहे, वीस-तीस डॉलरचा स्कॅनर त्यात लावा. एरर कोड नसणं पुरेसं नाही. 'रेडिनेस मॉनिटर' तयार आहेत का ते बघा. ते अपुरे असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत, किंवा बॅटरी काढलेली होती. कोणती ते विक्रेत्याला विचारा. बॉक्स्टरच्या ड्रायव्हर सीटखालचा गालिचा दाबून बघा. टपाजवळच्या पाणी जायच्या वाटा पानांनी तुंबल्या की पाणी आत येतं, आणि त्या सीटखालीच एक महागडा कंट्रोल मॉड्यूल बसवलेला आहे.

आणि टायर! हौशी गाड्या वर्षाला हजार-दोन हजार मैल चालतात, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नोव्हेंबर २०१३ मध्ये नट पॉल वॉकर ज्या पोर्श करेरा जीटीत गेला, तिचे टायर नऊ वर्षांहून जुने होते. तपासात मुख्य कारण अतिवेग निघालं, पण टायरच्या वयाचाही उल्लेख झाला. मेकॅनिकने 'टायर ओके' लिहिलं तरी हे चार आकडे तुम्ही स्वतः वाचा.

तपासणारा मेकॅनिक तुम्ही शोधायचा, पैसे तुम्ही द्यायचे, रिपोर्ट तुमच्या नावाने यायला हवा. त्याच मॉडेलवर नेहमी काम करणारं गॅरेज बघा. विक्रेत्याच्या ओळखीतलं नको, मग ते कितीही चांगलं असो. गाडी दुसऱ्या राज्यात असेल तर तिथलं गॅरेज फोनवर गाठा, फोटो ईमेलने मागवा. डीलरला काचेवर 'बायर्स गाइड' लावावं लागतं, त्यावर 'ॲज इज' असेल तर नंतर तक्रारीला जागा फारशी उरत नाही. खाजगी विक्रेत्याकडून घेताना बहुतेक राज्यांत तेवढाही कागद नसतो.

विक्रेत्याला पहिल्याच फोनवर सांगून टाका, "गाडी आवडली तर मी तपासून घेणार, खर्च माझा, गॅरेज तुमच्या घरापासून जवळचंच बघतो." प्रामाणिक माणूस वेळ ठरवतो. "कशाला, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी रोख घेऊन येतंय," असं उत्तर आलं तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्या. विसार द्यावाच लागला तर 'तपासणी पसंत न पडल्यास परत' एवढं ईमेलमध्ये लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी टायटलवरचा सतरा अक्षरांचा व्हिन नंबर काचेखालच्या पट्टीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून बघा.