इलेक्ट्रिक गिटारला कंबर कशाला?

साध्या लाकडी गिटारचा आकार आवाजाने ठरवलेला असतो. तारेची थरथर वरच्या पातळ फळीला मिळते, फळी पेटीतली हवा हलवते आणि पेटी किती रुंद, किती खोल यावर नाद बदलतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ही भानगडच नाही. तारांखालच्या पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, गुंडाळीत क्षीण वीज उमटते आणि अॅम्प्लिफायर ती मोठी करतो. लेस पॉल या अमेरिकी वादकाने १९४०च्या सुमारास एका ओंडक्यावर तारा चढवून हे करून दाखवलं. गिटार वाटावी म्हणून त्याने दुसऱ्या एका गिटारचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही अंगांना लावले. ते निव्वळ दिखाव्यासाठी होते.

मग भरीव लाकडाच्या गिटारला कंबर ठेवायची कशाला? मांडीसाठी! आवाजाच्या जोखडातून सुटलेला आकार वाजवणाऱ्याच्या अंगाच्या ताब्यात गेला. तिथे कुणी शहाणपणा दाखवला, कुणी हौस.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती आणि मला वाटतं, हेच पथ्यावर पडलं; वादकांच्या तक्रारी ऐकून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. १९५०ची त्याची गिटार, जी पुढे टेलिकास्टर म्हणून गाजली, ती म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटर जाडीची सपाट फळी. वरची कड उजव्या हाताला काचायची, मागची बरगड्यांत रुतायची. रेक्स गॅलियन, बिल कार्सन अशा वादकांनी कुरकुर केली. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्याला उत्तर मिळालं: पाठीमागे पोट बसेल असा खोलगट उतार, पुढे कोपराखालचा हात टेकेल तिथे तासलेली कड. लाकूड थोडं कमी झालं, वजनही उतरलं. तिची दोन शिंगं नुसती नखरेल दिसतात, पण वरचं लांब शिंग खरं कामाचं आहे. पट्ट्याचं बटण त्याच्या टोकाला, जवळपास बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या तारेच्या, रेषेत येतं.

हे बटण कुठे आहे, यावर निम्मं सुख अवलंबून असतं. गळ्यात अडकवलेली गिटार दोन बटणांवर लोंबकळते आणि तिचा गुरुत्वमध्य त्या दोन टेकूंच्या मध्ये हवा. तो पुढच्या बटणाच्या पलीकडे गेला की नेक, म्हणजे गिटारची दांडी, खाली झुकते. समजा, डोक्यावरच्या सहा खुंट्या प्रत्येकी ४० ग्रॅमच्या आहेत आणि बटणापासून ६० सेंटिमीटरवर आहेत. एकूण वजन २४० ग्रॅम, पण त्यांचा वळवणारा जोर बटणापासून १० सेंटिमीटरवर टांगलेल्या जवळजवळ दीड किलोइतका! पुढची घागर भरलेली आणि मागची रिकामी अशी कावड खांद्यावर घेतली की हात जे करतो, तेच इथे डावा हात करतो. स्वर दाबायचे सोडून तो नेक उचलून धरत बसतो. अंगठा आवळला जातो, मनगट वाकतं.

गिब्सन कंपनीच्या दोन गिटारी शेजारी ठेवा. १९५२ची, त्याच ओंडकावाल्या वादकाच्या नावाची लेस पॉल जाड महोगनीची, वर मेपलचा थर. चार किलोच्या पुढे सहज जाते. पोटाला उतार नाही, वरच्या फ्रेटकडे हात नेताना नेकचा जाड सांधा आडवा येतो. तासाभराने खांदा बोलायला लागतो. पण तिचा भार बॉडीत असल्यामुळे नेक जिथे ठेवाल तिथे राहते. १९६१ साली तिच्या जागी आली ती पातळ, दोन शिंगांची, पुढे एसजी म्हणून ओळखली गेलेली गिटार. हलकी, कडा निमुळत्या, शेवटच्या फ्रेटपर्यंत बोटं बिनधास्त जातात. मात्र नेक बॉडीतून फार बाहेर आलेली आणि पट्ट्याचं बटण नेकच्या सांध्यामागे. म्हणून हात सोडला की ती झुकते आणि पहिल्या फ्रेटवरच्या कॉर्डसाठी डावा हात जास्त लांबवावा लागतो. काट्यावर हलकी ती अंगावर हलकी, हे गणित इथे फसतं. माझं मत विचाराल, तर उभ्याने दोन तास वाजवायला मी वजनदार लेस पॉलच घेईन आणि पट्टा रुंद लावीन. पट्टा पाच सेंटिमीटरऐवजी आठ सेंटिमीटरचा घेतला, तर खांद्यावरचा दाब एक तृतीयांशाहून जास्त उतरतो.

१९५८च्या, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या फ्लाइंग व्हीला तर कंबरच नाही. मांडीवर ठेवली की घसरते, म्हणून कडेला रबराची पट्टी लावावी लागली. पहिल्या दोन वर्षांत शंभरही खपल्या नाहीत. गंमत अशी, की हीच व्ही दोन मांड्यांच्या मध्ये रोवली की नेक वर उचलली जाते आणि डावं मनगट सरळ राहतं, अगदी शास्त्रीय गिटारवादकांच्या बैठकीसारखं. त्याच साली आलेल्या फेंडरच्या जॅझमास्टरमध्ये कंबर तिरकी सरकवली होती, ती बसून वाजवणाऱ्या जॅझवाल्यांसाठी. त्यांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. उचलली ती उभ्याने वाजवणाऱ्या सर्फ आणि रॉकवाल्यांनी.

डोकंच काढून टाकलं तर? नेड स्टाइनबर्गरने १९८०च्या सुमारास बेस गिटारच्या बाबतीत तेच केलं. खुंट्या बॉडीच्या टोकाला नेल्या, झुकण्याचं मूळच गेलं. पण बॉडी इतकी छोटी झाली, की बसून वाजवताना मांडीवर टेकायला उघडमीट करणारा आधार जोडावा लागला. आजच्या बिनडोक्याच्या गिटारींत, स्वीडनच्या स्ट्रॅन्डबर्गसारख्यांत, हलकेपणाही आहे आणि मांडीसाठी खाचाही.

गिटार घ्यायला गेलात तर रंग आणि आवाज पाहाच, पण दुकानात पट्टा मागून घ्या. गळ्यात अडकवा, डावा हात पूर्ण सोडा आणि नेक कुठे जाते ते बघा. मग दहा मिनिटं बसून वाजवा. घरी रियाज जमिनीवर मांडी घालून करणार असाल, तर तिथेही तसंच बसा. दुकानदाराला विचित्र वाटलं तरी चालेल.