गाडीच्या रंगाचा वैरी : कोरडा फडका

सकाळी सात-साडेसातला करमाळ्यात स्टँडच्या बाजूला चक्कर मारली तर एक दृश्य हमखास दिसते. भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर, जीपवाले, दुकान उघडण्याआधी गाडी दारात काढून ठेवणारे व्यापारी, सगळे फडका घेऊन गाडी पुसत असतात. गाडीवर रात्रभर बसलेली धूळ, फडका कोरडा आणि हात गोल गोल फिरतो आहे. पाच मिनिटांत गाडी चकचकीत! गाडीची निगा राखणारा माणूस म्हणून चार लोक त्याचे कौतुकही करतात. पण खरे सांगायचे तर त्या पाच मिनिटांत रंगाचे जे नुकसान होते, ते दिवसभर रस्त्यावर फिरूनही होत नाही.

विश्वास बसत नसेल तर गडद रंगाची, दोन-तीन वर्षे वापरलेली एखादी गाडी उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडते तिथे निरखून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. माझ्या स्वतःच्या निळ्या गाडीवर ही जाळी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी रंगालाच नावे ठेवली होती. रंग चांगला होता. रोज सकाळी फडका मारणारा हात माझाच होता.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांचे पोट गाडीवर आहे. कोणी टुरिस्ट गाडी चालवतो, कोणी गॅरेज किंवा डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो, कोणी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. जुनी गाडी घेणारा मुरलेला गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतो. रंग मळका, चरे पडलेला दिसला की गाडी रगडून वापरली असे त्याचे मत होते आणि भाव तिथेच उतरतो. बरे, विकण्याआधी एखादे दार किंवा बॉनेट नव्याने रंगवून घेतले तर वेगळीच पंचाईत. नव्या रंगाची छटा जुन्याशी सहसा तंतोतंत जुळत नाही आणि घेणाऱ्याला गाडी ठोकली होती की काय अशी शंका येते. म्हणून कारखान्यातून आलेला रंग टिकवणे हाच शहाणपणाचा व्यवहार.

हा रंग असतो तरी किती जाड? पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसापेक्षाही पातळ पडद्यावर उभी आहे. हा पडदा शेवटी एक प्रकारचे प्लॅस्टिकच. आता आपल्याकडची धूळ पाहा. करमाळा तालुका दख्खनच्या काळ्या दगडावर वसलेला. शेतरस्त्यावर मुरूम, आणि मुरूम म्हणजे तोच काळा दगड झिजून झालेला चुरा. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची १ ते १० अशी एक श्रेणी आहे. हिरा १०, गारगोटी ७, आपल्या काळ्या दगडातले मुख्य खनिज ६ च्या आसपास आणि माणसाचे नख अडीच. ऊस गाळपाच्या हंगामात यात चिपाडाच्या राखेची भर पडते. त्या राखेत सिलिका, म्हणजे गारगोटीच्या जातीचाच पदार्थ असतो. अशा धुळीवर कोरडा फडका घासणे म्हणजे गाडीला हाताने पॉलिश पेपर मारणे झाले.

पूर्वी ॲम्बॅसॅडर, पद्मिनीच्या काळात रंगावर बहुधा पारदर्शक थर नसे. रंग फिका पडला की रबिंग मारायचे, फडक्याला थोडा रंग लागायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. अनेक जुने उस्ताद आजही तोच उपाय सांगतात. पण आताच्या गाड्यांवर दरवेळी रबिंग मारली की तो पारदर्शक थर काही मायक्रॉनने झिजतो. एकदा-दोनदा खपून जाते. तो संपला की रंग उघडा पडतो, उन्हात पांढुरका होतो आणि मग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही.

कोरडा फडका मारण्याची सवय लागली ती काही मूर्खपणाने नव्हे. पाणी कुठे होते? सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. तालुक्याच्या एका बाजूला उजनीचे एवढे बॅकवॉटर पसरलेले, पण २०१३, २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत धरण ‘मायनस’मध्ये गेलेले आपण पाहिले आहे. जिथे प्यायला टँकर, तिथे गाडी धुणाऱ्याकडे शेजारी कसे पाहतील! तेव्हा माणूस फडका उचलणारच.

पण हिशेब करून पाहा. अर्ध्या इंची नळी उघडी सोडली तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी जाते. नळी जमिनीवर टाकून पाव तास गाडी धुतली की दीड-दोनशे लिटर गेले. तीच गाडी बादलीने नीट धुतली तर पन्नास-साठ लिटरमध्ये काम होते. पंधरा लिटरच्या दोन बादल्या आणि आधी-नंतर ओतायला आणखी दोन. आणि तेवढेही पाणी नसेल तर गाडी धुळीचीच राहू द्या, फक्त काचा ओल्या कपड्याने पुसा. नुसती बसलेली धूळ रंगाला ओरखडत नाही, ती घासली की ओरखडते.

दोन बादल्यांची पद्धत

गाडी सावलीत घ्या आणि बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पूचे पाणी लगेच वाळते आणि डाग धरते. पहिले काम हात न लावता धूळ उतरवण्याचे. टपावरून मगाने किंवा झारीने हळूहळू पाणी सोडा, दोन-चार मिनिटे मुरू द्या, पुन्हा सोडा. जेवढे खडे असे वाहून जातील तेवढे ओरखडे वाचले. प्रेशरचे मशीन असेल तर फारच उत्तम, पण नोझल रंगापासून हात-सव्वा हात लांब धरा. पुन्हा रंगवलेल्या किंवा टवका उडालेल्या जागी जवळून मारलेले प्रेशर रंगाची खपली काढते.

एका बादलीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत साधे. कपडा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग तो साध्या पाण्यात खंगाळून, पिळून पुन्हा शॅम्पूत. एकच बादली असली तर टपावरची माती बादलीत आणि बादलीतली माती बॉनेटवर, असा फेरा सुरू राहतो. खंगाळायच्या बादलीत भाजीची जाळीदार प्लॅस्टिकची टोपली उपडी ठेवली तर खडे तिच्या खाली बसतात आणि कपड्याला पुन्हा लागत नाहीत. शहरात यासाठी खास जाळी विकत मिळते, पण टोपली तेच काम करते.

कपडा मायक्रोफायबरचा, लांब झुपक्यांचा हातमोजा असेल तर उत्तम. झुपक्यात खडा आत ओढला जातो, सपाट स्पंजवर मात्र तो पृष्ठभागावरच राहून रंगावर फिरतो. जुना बनियन, टॉवेल, शर्टाचा तुकडा नको. त्याची शिवण आणि अडकलेले बटण दोन्ही घातक. कपडा जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता बाद. हात गोल न फिरवता सरळ रेषेत, दाब न देता चालवावा. वरून खाली यावे : टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा पट्टा. चाकांना आणि मडगार्डच्या आतल्या भागाला कपडा वेगळा, पाणीही वेगळे. चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते.

शॅम्पू गाडीचाच घ्यावा. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. तो मेण-पॉलिशचा थर धुऊन नेतो, रबरालाही कोरडे पाडतो. धुणाऱ्याने अंगठी, घड्याळ आणि पट्ट्याचे बक्कल यांचेही भान ठेवावे. बॉनेटवर ओणवे होऊन टप पुसणाऱ्याचे बक्कल काय करते ते दाराजवळच्या लांब चऱ्यांवरून ओळखता येते.

पक्ष्याची विष्ठा दिसली तर धुण्याच्या दिवसाची वाट पाहू नये, कारण ती आम्लधर्मी असते आणि उन्हात रंग खाते. ओला कपडा दहा मिनिटे त्यावर ठेवून मग अलगद उचलावी, नखाने खरवडू नये. लग्नाच्या गाडीवर फुले लावायला चिकटपट्टी आणि तार वापरतात, तीही त्याच संध्याकाळी काढावी. चिकटपट्टीचा गोंद दोन दिवस उन्हात राहिला की काढताना घासावे लागते आणि घासणे आले की ओरखडा आलाच.

वाळवणे

निम्मे ओरखडे पडतात ते धुऊन झाल्यावर, पुसताना. पुष्कळ जण ओली गाडी तशीच रस्त्यावर काढतात, वाऱ्याने वाळेल म्हणून. नगर–टेंभुर्णी रस्त्यावर चार किलोमीटर गेलात की ओल्या अंगावर धूळ बसून चिखल तयार! गाडी उभी असतानाच वाळवावी. शेवटचे पाणी नळीचे तोंड दाबून फवाऱ्याने न मारता उघड्या धारेने टपावरून सोडले तर बरेचसे पाणी एका चादरीसारखे घसरून जाते. मग जाड, मऊ मायक्रोफायबर टॉवेल पसरून ठेवायचा, वरून तळहाताने थोपटायचे आणि उचलायचा. ओढायचा नाही. आरसे, हँडल, नंबरप्लेटमागे पाणी अडते, तिथे कॉम्प्रेसरची हवा मारावी. टॉवेल धुताना सुती कपड्यांत मिसळू नये आणि कपडे मऊ करण्याचे द्रव वापरू नये, त्याने पाणी शोषण्याची ताकद जाते.

आपल्या बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. साबणाला फेस न येणारे, गिझरवर पांढरा थर धरणारे जड पाणी गाडीवर वाळले की चुन्याचे ठिपके ठेवून जाते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. बोअर या मर्यादेच्या वर असेल तर गाडी वाळवायला उशीर अजिबात चालत नाही. ठिपके पडलेच तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून कपड्याने हलके पुसावे आणि लगेच धुवावे. आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी गाडीला वापरण्याची टूम निघाली आहे. पाणी वाचवण्याचा विचार चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात, तेव्हा ते चाकांपुरते ठेवा. त्याउलट एसीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षाररहित असते. ते बादलीत साठवून शेवटच्या धुण्याला घेतले तर डाग पडत नाहीत.

आणखी एक गैरसमज बॉडी कव्हरचा. धुळीच्या गाडीवर कव्हर घातले आणि वारा सुटला की कव्हर रात्रभर फडफडते, म्हणजे रात्रभर फडका मारणे चालू! कव्हर धुतलेल्या गाडीवरच, तेही घट्ट बांधून. नाहीतर उघडी गाडी बरी.

वॉशिंग सेंटर चालवणाऱ्या किंवा काढू पाहणाऱ्या तरुणांनी यातला धंदा ओळखावा. एकाच रॅम्पवर सकाळी चिखलाचा ट्रॅक्टर, दुपारी केळीचा पिकअप आणि संध्याकाळी डॉक्टरांची नवी कार येते. तिन्हींना एकच बादली आणि एकच फडका फिरला की कारचे वाटोळे. कारसाठी दोन बादल्या, हातमोजा आणि टॉवेल वेगळे ठेवायला खर्च फार नाही. खालून डिझेल मारण्याची जुनी पद्धत बंद करावी, डिझेलने रबरी बुश फुगून खराब होतात. वाहून जाणारे पाणी दोन-तीन टाक्यांत निवळून, तेल वेगळे करून ट्रॅक्टरच्या पहिल्या धुण्याला पुन्हा वापरता येते, कारच्या रंगाला मात्र ते लावू नये. अशा धुण्याचे थोडे जास्त पैसे मागायला संकोच कशाला? गिऱ्हाइकाला त्याचीच गाडी उन्हात नेऊन बॉनेटवरची जाळी दाखवा. जास्त पैसे कशाचे, हे मग त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.