पायाखालचा दगड मासा निघाला तर?

उमरा आटोपला की जिद्द्याला नोकरीस असलेल्या मामू-चाचांकडे दोन दिवस राहायचे आणि एखादी संध्याकाळ लाल समुद्रावर काढायची, असे आपल्यातील अनेक कुटुंबे करतात. मुले पायजमे गुडघ्यापर्यंत ओढून उथळ पाण्यात शिरतात. त्या किनाऱ्याला प्रवाळाचे खडक आहेत आणि त्या खडकांत स्टोनफिश राहतो. आपल्या लक्षद्वीप-अंदमानकडेही तो आहे.

जगातील सर्वात विषारी मासा म्हणून त्याचे नाव घेतात, पण तो मासा वाटतच नाही. अंगावर खवले नाहीत, नुसत्या चामखिळीसारख्या गाठी, त्यावर शेवाळ. वाळूत अर्धा रुतून तासन्‌तास पडून राहतो. तो माणसाच्या अंगावर धावून येत नाही. आपणच त्याच्यावर पाय देतो. पाठीवर 13 काटे असतात आणि प्रत्येक काट्याला दोन्ही बाजूंनी विषाच्या पिशव्या. पायाचा भार पडला की पिशवी दबते आणि विष काट्याच्या खोबणीतून सरळ मांसात उतरते. भार जितका जास्त, तितके विष जास्त. पातळ रबरी चपलेतूनही काटा आरपार जातो.

मग जी कळ उठते ती मोठ्या माणसालाही सोसवत नाही. पाय सुजतो, घाम सुटतो, मळमळते. विष जास्त गेले तर रक्तदाब उतरतो, श्वास अडतो. मृत्यू क्वचितच होतो, पण कळेने पाण्यातच भोवळ आली तर बुडण्याची भीती असते. म्हणून आधी माणसाला किनाऱ्यावर आणावे.

यापुढे घरच्यांचा गोंधळ उडतो. कोणी बर्फ शोधतो, कोणी रुमालाने पाय आवळतो, कोणी ब्लेडने चिरून विष काढू पाहतो. यातले काहीच करू नये. हे विष प्रथिनांचे आहे आणि उष्णतेने ते निकामी होते. (हाँगकाँगमध्ये काटे काढून हाच मासा शिजवून चवीने खातात!) पाय गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी साधारण 45 अंशांचे, म्हणजे थंडीत वुजूला घेतो त्याहून कडक, पण चटका बसेल असे नव्हे. ते आधी दुसऱ्याने आपल्या हाताने पाहावे. कळेने बेजार झालेल्याला भाजलेलेही समजत नाही.

गरम पाण्याने बरे वाटले तरी इस्पितळात जावेच. सौदीत रुग्णवाहिकेसाठी 997 फिरवावा. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर काढावा लागतो, धनुर्वाताचे इंजेक्शन लागते. या विषावरचा उतारा ऑस्ट्रेलियात 1959 पासून मिळतो. तो घोड्यांच्या रक्तापासून बनवतात.

पाण्यात उतरताना जाड, ताठ तळाचे बूट घालावेत. आणि मुलांना एवढे बजावून ठेवावे, की ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावरचा सुंदरसा दगड खेळायला उचलायचा नाही. हा मासा पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो, आणि मेल्यावरही त्याचा काटा टोचतो.