नळाची धार बारीक का झाली?

नळाची धार सुतासारखी झाली, की सारे घर नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडू लागते. पण पुष्कळदा दोष आपल्याच भिंतीआड दडलेला असतो. तो शोधायला एक बादली नि घड्याळ पुरे. प्रत्येक नळाखाली तीच बादली किती वेळात भरते, ते टिपून ठेवावे.

एकच नळ मंद असेल, तर त्याच्या तोंडची जाळी काढून पाहा. क्षारांनी तिची भोके बुजलेली असतात. व्हिनेगरमध्ये भिजवून घासली की ती मोकळी होते. फक्त गरम पाणीच रुसले असेल, तर गीझरचा कॉक तपासा. सारेच नळ मंदावले, तर टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल, किंवा जुने लोखंडी पाइप आतून गंजाने अरुंद झाले असतील.

यातले काहीच नसेल, तर टाकीकडे मान वर करून पाहावे. दाब टाकीच्या आकारावर नव्हे, उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. म्हणूनच अगदी वरच्या मजल्याच्या वाट्याला तो सर्वांत कमी येतो. मुंबईत मलबार हिलच्या माथ्यावर जलाशय बांधला, त्याचेही मर्म हेच.

मोटर बसवायचीच, तर टाकीनंतर बसवावी. पालिकेच्या नळाला थेट जोडलेली मोटर शेजाऱ्याच्या हंड्यातले पाणी पळवते. आणि रस्त्याखालचा पाइप गळका असला, तर गटारातली घाणही आपल्या माठात आणून सोडते.