जलपरीची शेपटी : दुरुस्तीचा एक आगळा धंदा

शिंप्याच्या दुकानात शेरवानी येते, बुरखा येतो, शाळेचा गणवेश येतो. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने पाच फुटांची माशाची शेपटी आणून टेबलावर टाकली आणि "एवढी शिवून द्या" म्हटले, तर? वाचकांनी ही थट्टा समजू नये. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युरोप आणि चीनमध्ये कंबरेपासून खाली शेपटी चढवून पोहण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. पाणबुड्यांना प्रशिक्षण देणारी 'पॅडी' ही जगप्रसिद्ध संस्था त्याचे रीतसर वर्ग चालवते. फ्लोरिडातील एरिक ड्यूशार्म या कारागिराने आपल्या कारखान्याचे नावच 'मर्टेलर', म्हणजे जलपऱ्यांचा शिंपी, असे ठेवले आहे. 2023 साली नेटफ्लिक्सवर आलेल्या एका माहितीपटामुळे तो बराच चर्चेत आला.

या धंद्याचे मूळ जुने आहे. ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू ॲनेट केलरमन हिने 1911 च्या सुमारास मूक चित्रपटांत जलपरीच्या भूमिका केल्या आणि पोशाख स्वतःच तयार केले. पुढे न्यूटन पेरी या, अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांना शिकवलेल्या गृहस्थाने 13 ऑक्टोबर 1947 रोजी फ्लोरिडात वीकी वॉची येथे एका झऱ्याकाठी पाण्याखालील रंगमंच सुरू केला. तेथील मुली पाठीवर टाकी न घेता रबरी नळीतून हवेचे घोट घेत खेळ करीत. पहिल्या प्रेक्षागृहात जेमतेम 18 खुर्च्या होत्या! 2008 मध्ये ही जागा फ्लोरिडा राज्याचे उद्यान झाली आणि खेळ चालू राहिला. तेथील पाणी बारमाही 23 अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

असल्या खेळांविषयी आपले मत काय असावे, हा या पानाचा विषय नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे. मात्र नायलॉन-लायक्रा, निओप्रीन आणि सिलिकॉन या तीन मालांची दुरुस्ती ज्याला येते, त्याला शेपटीखेरीज इतरही कामे मिळतात. त्याकडे शेवटी वळू.

शेपटीच्या तीन जाती

सर्वांत स्वस्त ती कापडी. पोहण्याच्या पोशाखाचे ताणणारे कापड, त्यावर खवल्यांची छपाई आणि आत 'मोनोफिन', म्हणजे दोन्ही पाय एकत्र अडकवायचे प्लास्टिकचे वल्हे. दुसरी निओप्रीनची. हे कृत्रिम रबर ड्यू पाँट कंपनीने 1930 साली काढले. त्याचा फुगवलेला फोम पाणबुड्यांच्या अंगरख्याला लागतो. तिसरी सिलिकॉनची, हुबेहूब माशासारखी. तिचे वजन 15 ते 20 किलोपर्यंत जाते आणि किंमत साधारणतः दोन ते पाच हजार डॉलर असते. एवढा माल दुरुस्तीला घेणे म्हणजे लोकाची अमानत घरात ठेवणे होय. म्हणून कामापूर्वी माल ओळखावा. एकाचा इलाज दुसऱ्याला केला तर शेपटीही जाते आणि गिऱ्हाईकही.

आधी धुणे, मग सुकवणे

दुरुस्तीला येणाऱ्या मालापैकी पुष्कळसा धुण्या-सुकवण्यातील हयगयीमुळेच आलेला असतो. तलावातील क्लोरीन लायक्राचा लवचीक धागा खाऊन टाकतो. कापड दिसायला धड असते, पण ताणले की परत येत नाही. समुद्राचे पाणी वाळले की मिठाचे खडे शिवणीत बसून दोरा कापतात. यासाठी पाण्याबाहेर येताच शेपटी साध्या गार पाण्याने आतून-बाहेरून धुवावी. क्लोरीनचा वास जात नसेल तर सोडियम थायोसल्फेटच्या अगदी पातळ पाण्यात थोडा वेळ बुडवून पुन्हा खळबळून काढावी. हे रसायन आपल्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या चांगले परिचयाचे आहे. ते ज्याला 'हायपो' म्हणत, तेच हे. माशांच्या काचपेटीतील क्लोरीन मारायलाही तेच घालतात.

साबण सौम्य असावा. ब्लीच, कपडे मऊ करणारी औषधे, गरम पाणी, वॉशिंग मशीनचा ड्रायर आणि इस्त्री ही पाचही वर्ज्य. पिळणे तर मुळीच नको. जाड टॉवेलात गुंडाळून दाबावे, पाणी टॉवेल घेतो. मोनोफिन आधी बाहेर काढावे. ते आत ठेवून सुकवलेल्या शेपटीला दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि आठवड्यात काळे ठिपके पडतात. बुरशीचे ठिपके कापडात मुरले की बहुधा जात नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

कापडी शेपटी उलटी करून सावलीत दोरीवर आडवी टाकावी. निओप्रीन अस्तराकडून सुकवावे, मग सुलटे करावे, कारण फोम वरून कोरडा भासला तरी शिवणीत पाणी असते. त्याची घडी घालू नये. घडीची रेघ कायमची राहते. सिलिकॉन स्वतः पाणी पीत नाही, पण आतल्या पोकळीत, विशेषतः पंखाच्या टोकाला, पाणी साचून राहते. तिला कंबरेच्या काठाने टांगू नये. स्वतःच्या वजनाने काठ फाटतो. टेबलावर टॉवेल पसरून आडवी ठेवावी, तोंड उघडे राहील असे काहीतरी आत अडकवावे आणि टेबलफॅनचा वारा थेट आत सोडावा. पूर्ण सुकल्यावर हलकी टाल्कम पावडर मारली की चिकटत नाही. आपल्याकडे श्रावणात, म्हणजे कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते त्या दिवसांत, पंख्याशिवाय हे काम अंगावर घेऊच नये.

ठिगळ कसे लावावे

कापडी शेपटी बहुधा पंखाच्या टोकांना झिजते, कारण तीच टोके तलावाच्या फरशीला घासतात. साधा सरळ टाका येथे चालत नाही. कापड ताणले की तो तुटतो. बॉलपॉइंट सुई, पॉलिएस्टर दोरा आणि झिगझॅग किंवा ओव्हरलॉकचा टाका घ्यावा. सुती दोरा ओलीत कुजतो. ठिगळ त्याच जातीच्या ताणाऱ्या कापडाचे आणि कोपरे गोल कापलेले असावे. टोकदार कोपरा आधी सुटतो.

निओप्रीनला पॉलिक्लोरोप्रीनचा गोंद लागतो. बूट-चपलांच्या कामात वापरतात तो याच जातीचा, म्हणून हे काम आपल्या चर्मकारागिरांना शिंप्यापेक्षा लवकर जमेल. चीर स्वच्छ आणि खडखडीत कोरडी करावी, दोन्ही कडांना पातळ थर द्यावा, सुकू द्यावा, दुसरा थर द्यावा आणि बोटाला चिकटेनासा झाला की कडा एकमेकींवर न चढवता समोरासमोर दाबाव्यात. एकदा चिकटले की सरकवता येत नाही. टाका घालायचाच असेल तर तो फोमच्या अर्ध्या जाडीपर्यंतच न्यावा, आरपार नको. आरपार भोकातून पाणी येते.

खरी कसोटी सिलिकॉनची. घट्ट झालेल्या सिलिकॉनला सिलिकॉनखेरीज काहीही नीट धरत नाही. फेविकॉल नाही, पंक्चरचे सोल्यूशन नाही, क्षणात चिकटणारा गोंदही नाही. चांगल्या शेपट्या 'प्लॅटिनम' जातीच्या दोन भागांच्या सिलिकॉनच्या असतात आणि या जातीचा एक विचित्र स्वभाव आहे. गंधकाचा स्पर्श झाला तर ते गोठतच नाही, चिकट पाकासारखे राहते. लॅटेक्सचे हातमोजे घालून काम केले तरी हेच घडते. म्हणून मोजे व्हिनाइलचे घ्यावेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडा पुसाव्यात, आतून जाळीदार ताणाऱ्या कापडाची पट्टी लावावी आणि ताज्या सिलिकॉनमध्ये ती भिजवून बसवावी. आधी लपलेल्या कोपऱ्यात थोडे लावून पाहावे. हार्डवेअरच्या दुकानातले, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही तात्पुरते चालते, पण न्हाणीघरासाठीच्या नळीत बहुधा बुरशीनाशक मिसळलेले असते. ते अंगाला लागणाऱ्या वस्तूला लावू नये. काचपेटीसाठीचे मागावे.

जे काम परत करावे

येथे मात्र गिऱ्हाइकाचे ऐकू नये. शेपटीत पाय बांधलेले असतात. पाण्यात घाबरलेल्या माणसाला ती क्षणात पायांतून झटकून टाकता आली पाहिजे. "कंबर सैल होते, घट्ट इलॅस्टिक घाला", "मागे बंद लावा", "मुलाच्या पायातून निघते, शिवून टाका", अशा मागण्या येतात. त्या पुऱ्या करणे म्हणजे लेकरू पोत्यात बांधून पाण्यात सोडणे. कॅनडातील एडमंटन शहराने 2015 साली सार्वजनिक तलावांत या शेपट्यांना बंदी केली, ती याच धास्तीने. मुलांचे कापडी पोशाख आता आपल्याकडेही ऑनलाइन बाजारात मिळतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशाचा राहिलेला नाही.

मोनोफिनला पाय बसतो तेथे पांढरी रेघ दिसली तर ती तडा समजावी. पॉलिकार्बोनेटच्या वल्ह्याला थिनर किंवा ॲसिटोन लावले तर तडा आणखी वाढतो. असे वल्हे दुरुस्त होत नाही. ते परत द्यावे, दोन पैसे बुडाले तरी चालेल.

आपल्या हाताला काम

निव्वळ शेपट्यांवर आपल्याकडे दुकान चालणार नाही, हे उघड आहे. पण मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग चालते. तेथील निओप्रीनचे सूट खाऱ्या पाण्याने झिजतात आणि फाटतात. ऑस्ट्रेलियाच्या अहेदा झानेट्टी यांनी 2004 साली काढलेल्या 'बुर्किनी'सारखे पूर्ण अंगाचे पोशाख घालून आपल्या लेकीबाळीही आता पोहतात. तेही याच जातीचे कापड, हाच टाका आणि क्लोरीनचा हाच त्रास. घरी ओव्हरलॉक मशीन असलेल्या भगिनींना हे काम उंबरठ्याच्या आत करता येईल. आखातातील तलावांवर आणि बोटींवर काम करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांनी सिलिकॉन आणि निओप्रीनची दुरुस्ती शिकून घेतली तर तेथेच जोडधंदा होईल.

पावती करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : माल कोणत्या जातीचा, ठिपके व चिरा आधीच्या किती, आणि वल्हे सोबत आले की नाही. शेवटची नोंद विसरू नये. भांडणे बहुधा वल्ह्यावरूनच होतात.