भाकरीपासून बेदाण्यापर्यंत

माणदेशात मेंढरं आली की त्यांच्यामागं कुत्रं आलंच. रात्रभर वाड्याची राखण करायची, लांडग्याची चाहूल लागली की उठायचं आणि सकाळी पुढ्यात पडेल ती शिळी भाकरी खायची. आटपाडीचा हा सगळा पट्टा अवर्षणाचा. बाजरी, जोंधळा, हुलगा, मटकी यांवर माणसं जगली आणि त्यांच्या ताटातलं उरलंसुरलं कुत्र्यानं खाल्लं. ताकात कुस्करलेली भाकरी, नाहीतर तळाशी राहिलेलं माडगं. खाणं गरिबीचं असलं तरी त्यात कुत्र्याला बाधेल असं फारसं काही नव्हतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तिसापर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या दारात धान्य खाऊन कुत्र्याचं शरीर भाकरीला सरावलं. बाकीच्या पदार्थांना सरावायला त्याला तेवढा वेळ मिळालेला नाही.

यातल्या धोक्यांचा उलगडा गेल्या शंभर वर्षांत हळूहळू झाला. पहिला नंबर कांद्याचा. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या सेब्रेल यांनी १९३० साली नोंदवलं की कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांना रक्तक्षय होतो. पुढं कारणही कळलं. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात आणि त्या फुटतात. शरीराच्या दर किलोमागं १५ ते ३० ग्रॅम कांदा त्याला पुरेसा होतो. गावातलं मध्यम कुत्रं १५ किलोचं धरलं तर सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे दोन-तीन कांदे. शिजवून, तळून किंवा वाळवूनही तो निर्धोक होत नाही. लसूण त्याचाच भाऊ, आणि वजनाला वजन धरलं तर कांद्याहून जहाल. फसवं असतं ते दुखणं उशिरा दिसणं. खाल्ल्यावर दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर तपकिरी होते, आणि तोवर परवाच्या मटणाच्या रश्श्याची आठवण कुणाला राहत नाही. कांदा-लसूण-खोबऱ्याच्या वाटणाचा तो रस्सा भाकरीवर ओतून आपण कुत्र्याला घालतो ते मायेनं. ती माया खरी आहे, म्हणूनच हे सांगायला हवं.

द्राक्षाची गोष्ट त्याहून लांबलेली आहे, आणि ती थेट आपल्या जिल्ह्याच्या उंबऱ्याशी येऊन थांबते. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ हा द्राक्षाचा मुलूख. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. हंगामात बेदाण्याच्या शेडवर गेलं की एकावर एक जाळ्यांचे मजले दिसतात. डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणातून काढलेले घड त्यांवर पसरलेले असतात. पंधरा-वीस दिवसांत मणी सुकतो, आणि चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. माल उतरवताना जाळी झाडली की काही मणी खाली सांडतात. राखणीचं कुत्रं तिथंच सावलीला पडलेलं असतं. गोड वास, तोंडाजवळ आलेला घास, कुत्रं खाणारच.

द्राक्षं खाऊन कुत्र्याची किडनी निकामी होते, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पशुवैद्यकाच्या पुस्तकांत नव्हतं. अमेरिकेतल्या प्राणी विषबाधा केंद्राकडं १९८९ च्या सुमारास अशा तक्रारी येऊ लागल्या. २००१ साली त्या केंद्रातल्या डॉक्टरांनी दहा कुत्र्यांची माहिती प्रसिद्ध केली. चार वर्षांनी ४३ कुत्र्यांचा अभ्यास आला; त्यातली २३ वाचली. मग कारणाचा शोध सुरू झाला. फवारणीचं औषध असेल, बुरशी असेल, जड धातू असतील, असे सगळे संशय घेऊन झाले. पण परसातल्या, औषध न मारलेल्या वेलीची द्राक्षं खाऊनही कुत्री आजारी पडत होती. एक कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राही, दुसरं थोडक्यात जाई. वीस वर्षं हे कोडं सुटेना.

ते सुटायची वाट निघाली ती एका भलत्याच पदार्थातून. मुलांच्या खेळासाठी घरी मळलेली कणीक एका कुत्र्यानं खाल्ली आणि त्याची किडनी द्राक्षं खाल्ल्यासारखीच बिघडली. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षात हेच आम्ल भरपूर असतं, आणि जात, हवामान, पिकण्याची अवस्था यांप्रमाणं त्याचं प्रमाण बदलतं. एक कुत्रं वाचतं आणि दुसरं का जातं, याचा धागा तिथं सापडला. ही मांडणी २०२१ साली पुढं आली. वर्षभरात त्याच गटानं आणखी प्रकरणं मांडली, आणि त्यात चिंच खाल्लेली कुत्री होती.

चिंच! ज्या झाडाखाली आपल्याकडची निम्मी कुत्री दुपार काढतात, ते झाड. आमटीत विरघळलेल्या चिमूटभर चिंचेनं घाबरून जायचं कारण नाही. वर्षाच्या बेगमीला मीठ लावून ठेवलेला गोळा, अंगणात फोडायला पसरलेली बोटुकं आणि मुलांच्या हातातला चिंचेचा लाडू यांवर मात्र लक्ष हवं.

आटपाडीचं खाणं बदलत गेलं ते याच काळात. नव्वदच्या दशकातल्या पाणी परिषदा, मग टेंभूचं पाणी, डाळिंबाच्या बागा आणि हातात आलेला पैसा. डाळिंबाचं साल-बी फार खाल्लं तर कुत्र्याचं पोट बिघडतं, पण द्राक्षासारखी बदनामी आपल्या डाळिंबाच्या वाट्याला आलेली नाही. पैशाबरोबर दुकानातून घरात आलेलं चॉकलेट मात्र वाईट. त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या अंगातून फार सावकाश जातं आणि हृदयावर ताण आणतं. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर अर्ध्या तासात रक्तातली साखर पाडतं. लग्नात पूर्वी गव्हाची खीर असायची, आता बेदाणे पेरलेला शिरा आणि पुलाव असतो. पंगत उठली की पत्रावळींचा ढीग गावाबाहेर पडतो आणि आसपासची कुत्री गोळा होतात. त्यात शिजवलेली हाडंही असतात. ती ठिसूळ होऊन टोकदार फुटतात आणि आतडं फाडू शकतात.

बेदाणा किंवा चिंच खाल्लेल्या कुत्र्यासाठी आजही उतारा नाही, पण पहिले तास हातात असतात. दोन तासांच्या आत डॉक्टरनं औषधानं उलटी करवली तर बरंचसं विष बाहेर पडतं. घरी मिठाचं पाणी पाजू नये, त्यानं दुसरंच संकट ओढवतं. नंतर दोन-तीन दिवस सलाईन लावून क्रिएटिनिनची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. तेव्हा कुत्रं ओकू लागलं की डॉक्टरला आधी सांगायचं ते त्यानं काय खाल्लं, किती खाल्लं आणि कधी खाल्लं. ओकारीत बेदाण्याचे फुगलेले मणी दिसले तर ते पिशवीत घालून सोबत न्यावेत.