‘पारसनीस’ : एका विरळ आडनांवाचा विचार

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आडनांवाचा अर्थ मला विचारला. आडनांव होतें ‘पारसनीस’. मीं क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें कीं, ‘पारस’ म्हणजे परीस आणि ‘नीस’ म्हणजे ‘नि + ईश’. तात्पर्य, परिसाचा धनी. मुलगा संतुष्ट झाला, आणि मीहि आपल्या व्याकरणावर खूष झालों. पुढें सेवानिवृत्त झाल्यावर त्याच कुळाची एक छापील वंशावळ माझ्या हातीं आली. तिच्या प्रस्तावनेंत ही व्युत्पत्ति एका संस्कृतज्ञ गुरुजींचें मत म्हणून दिलेली होती, आणि तेवढ्याच आधारावर कुळाचा मूळ पुरुष रसविद्येंत निष्णात होता अशी कथा रचिली होती. ती कथा निराधार आहे, आणि तिचें मूळ मी आहें. तो दोष फेडावा, आणि जुने कागद जमविणाऱ्यांस या वर्गांतील आडनांवांचा विचार कोणत्या रीतीनें करावा हें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(१) शब्दाची फोड

‘पारसनीस’ हा एकटा शब्द घेऊन बसल्यास परीस काय किंवा दुसरें कांहीं काय, हवें तें त्यांतून काढतां येतें. परंतु तो एकटा नाहीं. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, वाकनीस, सुरनीस, जमेनीस, कारखानीस अशी त्याच्या भावंडांची मोठी ओळ आहे, आणि हीं सर्व मुळांत दरबारच्या किंवा दफ्तराच्या हुद्द्यांचीं नांवें आहेत. ओळींतील सर्व शब्दांस लागू पडेल तोच अर्थ उत्तरपदास दिला पाहिजे. ‘नीस’ म्हणजे ‘ईश’ असें धरल्यास चिटणीस हा चिठ्ठ्यांचा स्वामी ठरेल. वस्तुतः तो चिठ्ठ्या लिहिणारा आहे. उत्तरपद फारसी ‘नवीस’ म्हणजे ‘लिहिणारा’ हें होय. समासांत ‘नवीस’ चें ‘नीस’ झालें. ‘फडणवीस’ व ‘फडणीस’ हीं दोन्ही रूपें अद्यापि चालतात, त्यावरून ही पायरी प्रत्यक्ष दिसते.

आतां पूर्वपद. तें ‘पारसी’ म्हणजे फारसी भाषा. ‘पारसीनवीस’ यांतील सांध्यावरचा ‘ई’ गळून ‘पारसनवीस’ व पुढें ‘पारसनीस’ झालें. हा लोप कांहीं विशेष नव्हे. ‘चिठ्ठीनवीस’ चें ‘चिटणीस’ होतांना तोच ‘ई’ गळाला आहे. ‘वाकेनवीस’ चें ‘वाकनीस’ होतांना ‘ए’ गळाला आहे. ‘कारखानानवीस’ या शब्दांत दोन नकार लागोपाठ आले, त्यांपैकीं एक लोपून ‘कारखानीस’ उरलें. तेव्हां पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा, म्हणजेच दरबाराचा फारसी लेखक.

येथें एक शंका घेतली जाते. मराठींत भाषेचें नांव ‘फारसी’ असतां आडनांवांत ‘प’ कोठून आला? याचें उत्तर उलट दिशेनें आहे. ‘प’ हाच मूळचा, ‘फ’ नंतरचा. अरबींत ‘प’ हा वर्ण नसल्यामुळें अरबांनीं ‘पार्स’ चें ‘फार्स’ केलें, आणि तें अरबी वळणाचें रूप पुढें रूढ झालें. आपल्या पंडितांस मात्र ‘प’ च परिचयाचा होता. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघु ज्यांवर चालून जातो ते ‘पारसीक’. अकबराच्या काळीं कृष्णदासानें संस्कृतांतून फारसी शिकविण्यासाठीं ग्रंथ केला, त्याचें नांव ‘पारसीप्रकाश’. सन १६४३ मध्यें वेदांगरायानें लिहिलेल्या ग्रंथाचेंहि नांव तेंच. तेव्हां आडनांवांतील ‘प’ हा अपभ्रंश नसून जुन्या उच्चाराचा अवशेष आहे. मुंबईच्या पारशी समाजाचें नांव त्याच मूळ शब्दावरून आलें असलें, तरी त्या समाजाशीं या आडनांवाचा संबंध नाहीं.

णकाराविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. चिटणीस व फडणीस यांत ‘ण’ येतो. पारसनीस, सबनीस, पोतनीस, वाकनीस यांत ‘न’ च राहतो. कारण उघड आहे : ज्या ठिकाणीं अगदीं अलीकडे ट किंवा ड हा मूर्धन्य वर्ण आहे, त्याच ठिकाणीं पुढचा नकार मूर्धन्य झाला. पाणिनीय परिभाषेंत याला ष्टुत्वाचा दृष्टांत देतां येईल. मात्र मराठी कांहीं अष्टाध्यायीच्या हुकमानें चालत नाहीं, आणि ‘सुरनीस’ या शब्दांत जवळच रेफ असूनहि णत्व झालेलें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. जुन्या कागदाच्या वाचनांत कोणी ‘पारसणीस’ असें रूप दिलें, तर तें मुळांत पुन्हा ताडून पाहणें बरें.

(२) ‘नि’ चें मूळ

माझ्या चुकीच्या व्युत्पत्तींत एक अक्षर मात्र योगायोगानें खरें निघालें. फारसी ‘नविश्तन्’ (लिहिणें) या क्रियापदाचें मूळ अखमनी सम्राटांच्या शिलालेखांतील प्राचीन पारसीक भाषेपर्यंत जातें. तेथें ‘नि’ उपसर्ग लागून लिहिण्याच्या अर्थीं जो धातु येतो, तो संस्कृतांतील ‘पिश्’ धातूचा सजातीय आहे. ‘पिंशति’ म्हणजे कोरून घडवितो, अलंकृत करतो. लेख प्रथम दगडावर कोरीत, हें या धातूनेंच सांगून ठेविलें आहे. मधल्या काळांत ‘प’ चा ‘ब’ व ‘ब’ चा ‘व’ होत ‘नवीस’ सिद्ध झालें. म्हणजे ‘नीस’ या पदांत ‘नि’ आहेच. पण पुढें ‘ईश’ नाहीं, ‘पिश्’ आहे.

याहून नवलाची गोष्ट अशी कीं, हा शब्द भारतांत प्रथम मुसलमानी अमलाबरोबर आला असें नव्हे. अशोकाचे लेख सर्वत्र लिहिण्याच्या अर्थीं ‘लिख्’ धातु योजतात. परंतु वायव्येकडील शाहबाजगढी येथल्या खरोष्ठी लेखांत त्याऐवजीं ‘निपिस्त’ असें रूप येतें. तो हाच शब्द. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत जो शब्द शाहबाजगढीच्या खडकावर कोरला गेला, त्याचाच वंशज अठराव्या शतकांत पुण्याच्या दफ्तरांत बसला होता.

(३) दबीर, मुनशी आणि पारसनीस

फारसी लिखाणाशीं संबंध असलेले तीन हुद्दे आपल्या कागदांत भेटतात, आणि संग्राहक त्यांची गल्लत करतात. ‘दबीर’ (मराठींत डबीर) हा शब्दहि इराणी व अर्थानें लेखकच. परंतु दक्षिणेंत त्याजकडे परराज्यांशीं व्यवहार आला, आणि शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत त्यासच ‘सुमंत’ ही संज्ञा मिळाली. या शब्दाचा जुना अवतार संस्कृत ताम्रपटांतहि आहे : वलभीच्या मैत्रक राजांच्या दानपत्रांत लेखनाधिकाऱ्यास ‘दिविरपति’ म्हटलें आहे, आणि संधिविग्रहाचा अधिकारहि त्याजकडेच दिसतो. लेखणी आणि परराष्ट्रकारण यांची ही सांगड फार प्राचीन आहे. ‘मुनशी’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ रचना करणारा, मसुदा करणारा. सन १६७९ मध्यें औरंगजेबानें जिझिया पुन्हा बसविल्यावर शिवछत्रपतींच्या नांवें त्यास गेलेल्या फारसी पत्राचा मसुदाकार म्हणून निळो प्रभु मुनशी यांचें नांव सांगतात.

पारसनीस हा या दोहोंपेक्षां अर्थानें नेमका आहे. दबीर व मुनशी या शब्दांत भाषेचा उल्लेख नाहीं. पारसनीस या शब्दांत तोच मुख्य आहे. असा शब्द केव्हां लागतो? जेथें दरबारचा रोजचा कारभार दुसऱ्या भाषेंत चालतो तेथें. विजापूरच्या किंवा दिल्लीच्या दरबारीं परराज्यास फारसी लिहिणारा तो नुसता लेखक; मराठी दरबारीं मात्र चिटणीस मराठी लिही, म्हणून फारसी लिहिणाऱ्यास वेगळें नांव हवें झालें. हें नांव म्हणजे राज्यकारभाराची भाषा मराठी झाल्याची एक खूणच होय.

अठराव्या शतकांत या हुद्द्याची गरज वाढली. दिल्लीचा बादशहा, निजाम, उत्तरेकडील नबाब व कलकत्तेकर इंग्रज यांच्याशीं लिहिण्याची सामाईक भाषा फारसी होती. कंपनीचें स्वतंत्र फारसी दफ्तर कलकत्त्यास होतें, आणि तेथील पत्रव्यवहाराच्या सारांशाचे खंड सन १९११ पासून छापून निघूं लागले. मराठी दरबारांतून गेलेलीं पत्रें त्यांत आहेत. आलेलें पत्र वाचून त्याचें मराठी तात्पर्य सांगणें, उत्तराचा मसुदा करणें आणि अलकाब म्हणजे मायन्यांतील पदव्या ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणें घालणें, हें अशा लेखकाचें काम. मायन्यांत एक पदवी कमी पडली तरी वकिलांत तंटा होई. तेव्हां हें काम केवळ कारकुनी नव्हतें.

(४) हुद्द्याचें आडनांव होणें

हुद्दा वंशपरंपरेनें चालला म्हणजे तो कुळास चिकटतो, आणि मूळ उपनांव मागें पडतें. नाना फडणीस हे मूळचे भानु. पेशव्यांचें घराणें मूळचें भट. म्हणून आजच्या दोन पारसनीस घराण्यांत रक्तसंबंध असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं. सातारचा दरबार, पुण्याचा दरबार, मोठमोठे सरदार, अशा निरनिराळ्या ठिकाणीं हें काम करणाऱ्या कुळांस एकच नांव स्वतंत्रपणें पडूं शकतें. चिटणीस व फडणीस हीं आडनांवें एकाहून अधिक जातींत आहेत, तें याच कारणानें. वंशावळी जुळवितांना गोत्र, कुलदैवत, वतनाचें गांव व मूळ उपनांव यांचा मेळ पाहावा. आडनांवाच्या साम्यावर एक फांदीहि जोडूं नये.

(५) विरळपणाचें कारण

आडनांवाची संख्या ही बहुधा हुद्द्याच्या संख्येची सावली असते. कुलकर्णी गांवोगांव असे. म्हणून कुलकर्णी हें आडनांव विपुल. सभासदाच्या बखरींतील व्यवस्थेप्रमाणें गडोगडीं हवालदार व सरनोबत यांच्या बरोबरीनें एक सबनीस असे. म्हणून सबनीसहि पुष्कळ. फारसी लेखक मात्र ज्या दरबारास परराज्यांशीं लिहावें लागे तेथेंच लागे, आणि तेथेंहि एक-दोन कुळांवर काम भागे. शिवाय हा झरा लवकर आटला. सन १८१८ मध्यें पेशवाई संपली. सन १८३७ च्या कायद्यानें कंपनीच्या कारभारांतूनहि फारसी उठविण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर नवीन पारसनीस होण्याचें कारणच उरलें नाहीं. पुढें शाळेच्या व महसुलाच्या दफ्तरांत आडनांवें कायम झालीं, तेव्हां जीं थोडीं कुळें हें नांव चालवीत होतीं तेवढींच राहिलीं.

आज मतदारांच्या याद्यांवरून आडनांवें मोजण्याचा प्रघात पडत आहे. त्यांत सावधपणा हवा. भारताच्या खानेसुमारींत आडनांववार कोष्टकें प्रसिद्ध होत नाहींत. यादींत एकाच कुळांतील मंडळी ‘पारसनीस’ व ‘पारसनिस’ अशा दोन रीतींनीं आढळतात. विवाहानें स्त्रियांचीं आडनांवें बदलतात. आणि एका मोठ्या कुटुंबाचे पन्नास जण व पन्नास कुळांचा एकेक जण यांत यादी भेद करीत नाहीं. माणसांची संख्या एक आणि मूळ कुळांची संख्या दुसरी. इतिहासास दुसरीच हवी असते.

संख्येनें थोड्या असलेल्या या आडनांवास इतिहाससंशोधनांत मात्र मोठें स्थान आहे. सातारचे दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनीं झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें चरित्र लिहिलें, ‘इतिहाससंग्रह’ हें मासिक चालविलें, आणि किंकेड साहेबांबरोबर मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत तीन खंडांत सिद्ध केला. जुने कागद वाचून राज्यकर्त्यांच्या भाषेंत त्यांचा आशय सांगणें हाच पारसनिशीचा धर्म. तो त्यांनीं विसाव्या शतकांतहि पाळला असें म्हणावयास हरकत नाहीं.

(६) संग्राहकांस सूचना

शेवटीं व्यवहाराची गोष्ट. मोडी कागदांत शब्द तोडून लिहीत नाहींत, आणि इकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेदहि बहुधा पाळीत नाहींत. त्यामुळें ‘पारसनीस’ हें हुद्दा म्हणून आलें कीं आडनांव म्हणून, हें अक्षरांवरून कळत नाहीं. तें संदर्भावरून ठरवावें. वेतनाच्या यादींत, किंवा ‘पारसनिशीचा कारभार’ अशा प्रयोगांत तो हुद्दा समजावा. तेंच नांव फारसीशीं कांहीं संबंध नसलेल्या कामावर, उदाहरणार्थ जमिनीच्या खरेदीखतांत, पिता व पुत्र या दोघांसहि लागलेलें दिसलें, तर तें आडनांव झालें असें मानण्यास जागा आहे. या दोन अवस्थांमधला कागद, म्हणजे ज्यांत मूळ उपनांव व ‘पारसनीस’ हीं दोन्ही एकत्र आलीं आहेत असा, सर्वांत मोलाचा. तसा कागद ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तो तारखेसह अवश्य प्रसिद्ध करावा.

माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्यास मीं हें सर्व पत्रानें कळविलें आहे. परीस गेला याचें त्यास वाईट वाटलें. परंतु आपला पूर्वज दोन भाषांच्या मध्यें उभा राहून आपल्या राज्याचा शब्द परक्या दरबारीं पोंचवीत होता, हा मान त्याहून कमी नाहीं, असें त्यानेंच उलट टपालीं लिहिलें. वंशावळीच्या पुढील आवृत्तींतून ती कथा काढण्याचेंहि त्यानें कबूल केलें आहे.